टाचेवर नवी कातडी

टाचेची किंवा घोट्याची जखम लहान असली तरी सर्जनला मांडीवरच्या मोठ्या जखमेपेक्षा जास्त अडचणीत आणते. मांडीवर कातडीखाली चरबी आणि स्नायूंचा जाड थर असतो. वरची कातडी गेली तरी खाली रक्ताने भरलेले मांस शिल्लक राहते आणि त्यावर जखम भरत जाते. घोट्याभोवती असे काही नाही. पोटरीचे स्नायू तिथपर्यंत पोचताना नुसत्या कंडरा होऊन गेलेले असतात आणि कातडी फाटली की खाली थेट हाड, सांधा किंवा कंडरा उघडी पडते. शेजारची कातडी ओढून जखम शिवावी, तर शेजारी सैल कातडीच नसते. शिवाय बसलो, उभे राहिलो की पायाचे रक्त वर चढायला वेळ लागतो, पायावर सूज येते आणि सुजलेली जखम मंद गतीने भरते.

टाचेच्या खालच्या बाजूचा प्रश्न वेगळाच आहे. प्रौढ माणसाच्या टाचेखाली साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाडीची चरबीची गादी असते. संत्र्याच्या फोडीत रसाचे कण जसे पातळ पडद्यांत कोंडलेले असतात, तशी इथली चरबी तंतूंच्या छोट्या कप्प्यांत बंद असते. म्हणून सगळे वजन पडले तरी ती बाजूला पसरत नाही. तिच्यावरची कातडी जाड, बिनकेसांची आणि खालच्या हाडाशी तंतूंनी बांधलेली असते, त्यामुळे चालताना ती घसरत नाही. तिच्यात संवेदना असते, आणि खडा टोचला की पाय आपोआप उचलला जातो तो या संवेदनेमुळे. अशी कातडी शरीरात तळपायाखेरीज दुसरीकडे नाही, तळहाताची थोडीफार जवळ जाते एवढेच. टाच दुरुस्त करणाऱ्या सर्व शस्त्रक्रिया या एकाच अभावाशी झगडत असतात.

यवतमाळ जिल्ह्यात अशा जखमा कशा होतात ते इथल्या कामधंद्यातून दिसते. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा मुख्यतः कापूस आणि सोयाबीनचा. पऱ्हाटी कापून झाल्यावर शेतात उरलेले धस साध्या चपलेच्या तळव्यातून आरपार जातात. अनवाणी चालणाऱ्याची टाच तर उघडीच असते. रोटाव्हेटरच्या पात्यात पाय सापडल्याचे अपघातही घडतात. पांढरकवड्याजवळून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग आणि वणी भागातल्या कोळसा खाणींची जड वाहतूक यांची भर वेगळी. ट्रकचे चाक पायावरून गेले की हाड मोडते आणि कातडीही खालच्या थरापासून मोज्यासारखी सोलून निघते. अशी सोललेली कातडी जागेवर दिसत असली तरी बहुतेकदा तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो.

लहान मुलांच्या टाचेचा सर्वात ओळखीचा शत्रू म्हणजे सायकलचे किंवा मोटारसायकलचे मागचे चाक. मागे बसलेल्या मुलाचा पाय पायदानावरून सुटतो आणि आऱ्यांत जातो. चाकाचे आरे कातडी कापतात, चाक आणि सांगाडा यांच्या मध्ये टाच चिरडते आणि चाकाच्या फेऱ्याने कातडी ओरबाडून सुटते. जखम तीन तऱ्हांनी होते, पण पहिल्या दिवशी ती बाहेरून फारशी वाईट दिसत नाही. दवाखान्यात चार टाके पडतात, पट्टी होते, मूल घरी जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्टी सोडल्यावर टाचेमागचा भाग काळा पडलेला असतो आणि कधी आतली कंडरा दिसू लागते. दुचाकीच्या मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण असावे असे मोटार वाहन नियमांत लिहिलेले आहे. मात्र साडी गार्ड म्हणून मिळणारी ती जाळी दिसायला बरी नाही म्हणून काढून ठेवणारे कमी नाहीत.

सापाचा दंश बहुधा पायावरच होतो, आणि खरिपात शेतात सगळ्यांचेच पाय असतात. मण्यारच्या दंशाच्या जागी फारसे काही दिसत नाही. त्याचे विष मज्जासंस्थेवर घाला घालते. नाग आणि घोणस यांच्या विषाने मात्र दंशाभोवतीचे मांसही मरते. सूज चढते, फोड येतात, आणि दोन-चार दिवसांत घोट्याभोवतीची कातडी काळी पडून निसटू लागते. प्रतिविष जीव वाचवते, पण मेलेली कातडी परत आणत नाही. वर आवळून बांधलेली दोरी आणि ब्लेडने घेतलेला चिरा हे नुकसान वाढवतात. रक्त थांबल्याने मेलेला भाग विषाने मेलेल्या भागात मिळतो आणि सर्जनला दोन्ही एकत्र काढावे लागतात.

उरलेल्या जखमा अपघाताच्या नसतात. मधुमेहात पायाची जाणीव जाते आणि बारीक रक्तवाहिन्यांबरोबर मोठ्या वाहिन्याही अरुंद होतात. चपलेने घासून झालेला फोड कळायच्या आत हाडापर्यंत जातो. कंबरेचे हाड मोडून किंवा लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची टाच गादीवर दाबून राहते आणि तिथे चट्टा पडतो. पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहील एवढी काळजी घेतली तर तो टळतो. कुष्ठरोगाचा वारसा विदर्भाच्या पूर्वेला अजून आहे. औषधांनी रोग बरा होतो, पण घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायाला जाणारी नस एकदा मेली की संवेदना परत येत नाही. वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली; तिथे आणि इतरत्र तळपायाच्या अशा न दुखणाऱ्या व्रणांनी पिढ्या त्रस्त झाल्या आहेत. व्रण दुखत नसल्याने माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि व्रण भरत नाही.

जखम कशानेही झालेली असो, कातडी लावण्याआधीचे काम निकाल ठरवते. शस्त्रक्रियेच्या नावांचे कौतुक होते, या कामाचे होत नाही, पण ते चुकले तर उत्तम सर्जनची उत्तम शस्त्रक्रियाही सडते. जखम भरपूर सलाइनने धुवायची, माती आणि काडीकचरा काढायचा, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे, मोडलेले हाड बाहेरून सळ्यांच्या सांगाड्याने स्थिर करायचे. मग मेलेली कातडी, चरबी, स्नायू कापून टाकायचे. यात हात आखडता घेतला की पू होतो. कोणता भाग जिवंत राहील हे पहिल्या दिवशी नेहमी कळत नाही, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा थिएटरमध्ये नेऊन पाहावे लागते. हळद, चुना, तंबाखू, शेण असे काही जखमेवर भरून आणलेले असेल तर हे काम लांबते. घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पायाच्या वरच्या बाजूला नाडी लागते का हेही तेव्हाच पाहायचे असते. नाडी बोटाला लागत नसेल तर हातात मावणाऱ्या डॉपलर यंत्राने ऐकतात. रक्तच पोचत नसेल तर आधी तुंबलेली वाहिनी मोकळी करण्याचा विचार करावा लागतो, कातडीचा विचार नंतर.

किती दिवसांत झाकावे यावर स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियाना शहरातील मार्को गोदिना या सर्जनने केलेले काम आजही मार्गदर्शक आहे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात ५३२ रुग्ण होते. अपघातापासून ७२ तासांच्या आत जखम झाकलेल्यांत शस्त्रक्रिया फसण्याचे प्रमाण ०.७५ टक्के होते, आणि तीन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत वाट पाहिलेल्यांत १२ टक्के. मारेगाव किंवा झरी-जामणीच्या खेड्यातून निघालेला रुग्ण आधी जवळच्या दवाखान्यात, मग तालुक्याला आणि मग जिल्ह्याला पोचतो. त्यात ७२ तास सहज उलटतात. ही घाई जमली नाही म्हणून सारे संपत नाही. जखमेवर स्पंज आणि वर हवाबंद पापुद्रा लावून नळीने साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याइतका उणा दाब देण्याची पद्धत १९९७ पासून रूढ झाली आहे. ती स्राव ओढून घेते, सूज उतरवते, आणि जखमेच्या तळाशी लाल दाणेदार मांस वाढायला मदत करते. हे यंत्र नसेल तिथे भिंतीवरच्या साध्या सक्शनवरही असेच काम भागवले जाते. तरीही उघडी कंडरा या पट्टीखालीदेखील फार दिवस टिकत नाही. पट्टीने मिळालेला वेळ हा तयारीचा वेळ समजायचा.

कातडी आणण्याच्या दोन मूलतः वेगळ्या रीती आहेत. पहिली, मांडीवरून कातडीचा पातळ पापुद्रा हंबी नावाच्या चाकूने काढून जखमेवर पसरायचा. याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. या पापुद्र्यासोबत स्वतःचे रक्त येत नाही. पहिले एक-दोन दिवस तो खालच्या जखमेतला द्रव शोषून जगतो, मग खालच्या केशवाहिन्या त्याच्यात शिरतात, आणि साधारण पाचव्या दिवशी पट्टी सोडल्यावर तो गुलाबी दिसला तर लागला असे म्हणतात. खाली रक्त असेल तरच हे होते. उघड्या हाडावर, आवरण निघालेल्या कंडरेवर तो लागत नाही. टाचेखाली लागला तरी तो पातळ, गादीविना आणि बधिर असल्याने वजनाखाली फाटत राहतो. घोट्याच्या बाजूला जिथे थोडे मांस शिल्लक आहे तिथे तो सर्वात सोपा आणि पुरेसा उपाय आहे.

दुसरी रीत फ्लॅपची. यात कातडी आणि तिच्याखालची चरबी स्वतःच्या रक्तवाहिनीसह हलवतात. एक टोक शरीराला जोडलेले राहते किंवा तुटलेली वाहिनी दुसरीकडे जोडून दिली जाते. ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाला टिपू सुलतानाच्या सैन्याने पकडून त्याचे नाक कापले होते. १७९३ च्या सुमारास पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी एका बाजूने जोडलेली ठेवून खाली वळवली आणि नवे नाक केले. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिगत छापली आणि युरोपातील सर्जन पुन्हा या विषयाकडे वळले. पुढच्या काळात विदर्भात नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचे काम उभे केले. फाटलेल्या ओठ-टाळूच्या त्यांच्या वर्गीकरणाला नागपूर वर्गीकरण म्हणतात.

टाच आणि घोट्यासाठी सर्वात जास्त वापरला जाणारा फ्लॅप पोटरीतून येतो. स्वीडनच्या पॉन्टेन याने १९८१ मध्ये दाखवून दिले की पायाच्या कातडीखालचे पातळ आवरण, म्हणजे फॅशिया, सोबत घेतले तर कातडीचा लांबट तुकडा जगतो. दोन वर्षांनी डॉन्स्की आणि फॉगडेस्टाम यांनी तो तुकडा उलटा, म्हणजे वरून खाली वळवला, आणि १९९२ मध्ये फ्रान्सच्या मास्कले याने त्याचे रक्त सुरल नावाच्या नसेभोवतालच्या बारीक वाहिन्यांतून येते हे उलगडले. कातडीचे बेट पोटरीच्या मागच्या बाजूला आखतात. फॅशिया, ती नस आणि शेजारची छोटी शीर यांच्यासह बेट उचलतात. बेट जोडून ठेवणारा तीन-चार सेंटिमीटर रुंदीचा पट्टा घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्यापासून साधारण पाच सेंटिमीटर वर जोडलेला ठेवतात, कारण नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या धमनीच्या छोट्या फांद्या तिथून वर येतात. मग बेट अर्ध्या चकरीने खाली वळवून टाचेवर किंवा घोट्यावर शिवतात. पोटरीवर उरलेली रिकामी जागा मांडीच्या पापुद्र्याने झाकली जाते.

या शस्त्रक्रियेचे खरे महत्त्व तिच्या साधेपणात आहे. सूक्ष्मदर्शक लागत नाही. कमरेत भूल देऊन, नेहमीच्या हत्यारांनी, दीड-दोन तासांत ती होते. पायाची कोणतीही मुख्य धमनी खर्ची पडत नाही. म्हणून जिथे मायक्रोसर्जरीचे पथक नाही अशा जिल्ह्याच्या रुग्णालयातही सरावलेला सर्जन टाच वाचवू शकतो. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. अशा जिल्हास्तरीय संस्थांत जितके सर्जन सुरल फ्लॅपमध्ये तरबेज होतील, तितके रुग्ण उघड्या हाडानिशी शंभरेक किलोमीटरचा प्रवास टाळतील, हे या विषयातले सर्वात व्यवहार्य सत्य आहे.

त्याचे दोषही सांगायला हवेत. आलेले रक्त परत वर नेणारी शीर दबली तर बेट निळसर पडते. म्हणून पट्टा कातडीखालच्या बोगद्यातून न ओढता वरून कातडी चिरून ठेवणे बरे. मधुमेही, म्हातारे आणि तंबाखू खाणारे यांच्या बाबतीत बेटाची कड काळी पडण्याची शक्यता जास्त असते. तिथे काही सर्जन बेट आधी अर्धवट उचलून पुन्हा जागीच शिवतात, उरलेल्या वाहिन्या मोठ्या होऊ देतात, आणि आठ-दहा दिवसांनी खाली वळवतात. सुरल नस कापली गेल्याने पायाची बाहेरची कड कायमची बधिर राहते. पोटरीवर डाग राहतो, याचे साडी नेसणाऱ्या स्त्रीला फारसे वाटत नाही, अर्धी चड्डी घालणाऱ्या मुलाला वाटते. आणि हा फ्लॅप टाचेवर जाड, मऊ, बधिर असतो. त्यावर चालता येते, पण चप्पल नीट बसत नाही.

टाचेच्या खालच्या भागाला वजन पेलणारी कातडी हवी असेल तर तळपायाचा मधला, जमिनीला न टेकणारा खळगा हा उत्तम दाता. तिथली कातडी टाचेच्या कातडीसारखीच बिनकेसांची, घट्ट आणि संवेदनशील असते. १९७९ मध्ये शानाहन आणि जिंग्रास यांनी ती संवेदनेसह टाचेकडे नेण्याचा मार्ग दाखवला. नसेचे तंतू सोडवत बेट मागे सरकवतात. बधिर टाचेपेक्षा जाणती टाच कधीही चांगली, म्हणून जमेल तिथे याच मार्गाला प्राधान्य हवे. अडचण एवढीच की हा खळगा हाताच्या तळव्याएवढाही नसतो, आणि घोट्यामागची धमनी शाबूत असावी लागते. कुष्ठरोगात आणि पुष्कळ मधुमेह्यांत ती नसच आधी मेलेली असते, तेव्हा त्याचा अर्धा फायदा जातो. घोट्याजवळच्या लहान जखमांना जवळच्याच बारीक वाहिनीवर कातडी पंख्यासारखी फिरवणारे प्रोपेलर फ्लॅपही १९९१ पासून वापरात आहेत.

आणखी दोन पर्याय दोन टोकांचे आहेत. एक म्हणजे जुना क्रॉस-लेग फ्लॅप. १८५४ मध्ये अमेरिकेच्या हॅमिल्टनने पहिल्यांदा एका पायाची कातडी दुसऱ्या पायाला जोडली होती. दोन्ही पाय सुमारे तीन आठवडे एकत्र बांधून ठेवायचे, मग जोड तोडायचा. म्हाताऱ्या सांध्यांना हे असह्य होते, पण पायाला एकच धमनी उरलेली असेल तर आजही कधीमधी उपयोगी पडते. दुसरा म्हणजे मुक्त फ्लॅप. मांडीची किंवा पाठीची कातडी आणि स्नायू पूर्ण तोडून पायाकडे आणतात आणि दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडतात. १९७३ मध्ये मेलबर्नमध्ये रॉलिन डॅनियल आणि इयान टेलर यांनी तरुणाच्या घोट्याजवळच्या जखमेवर जांघेची कातडी अशीच आणली, म्हणजे या शास्त्राच्या सुरुवातीच्या शस्त्रक्रियांपैकी एक टाचेच्या शेजारी झाली. मोठ्या, खोल जखमांना दुसरा पर्याय नसतो. सहा-आठ तासांची शस्त्रक्रिया आणि नंतर दिवसरात्र दर तासाला रंग पाहणाऱ्या परिचारिका लागतात, त्यामुळे असा रुग्ण नागपूर, सावंगी मेघे अशा ठिकाणी जातो. उमरखेडच्या माणसाला नांदेड आणि वणीच्या माणसाला चंद्रपूर जवळ पडते, पण मायक्रोसर्जरीचे पथक सगळीकडे नसते, हे आधी फोनवर विचारलेले बरे.

शस्त्रक्रियेनंतरचे पंधरा-वीस दिवस घरच्यांच्या हातात असतात. पाय उंच ठेवायचा, टाचेवर भार पडू द्यायचा नाही. विदर्भात तंबाखूमिश्रित खर्ऱ्याचे प्रमाण मोठे आहे, आणि तंबाखूतल्या निकोटीनने बारीक वाहिन्या आखडतात. रुग्ण बिडी सोडतो आणि खर्रा चालतो असे समजतो, तेव्हा फ्लॅपची कड काळी पडण्याचे कारण वॉर्डातच सापडते. तीन आठवड्यांनी पाय खाली सोडायचा आणि पाचेक मिनिटांनी वर घ्यायचा, असे थोडे थोडे वाढवायचे. उभे राहणे बहुतेकांना सहा आठवड्यांच्या पुढेच जमते. कापूस वेचणीच्या दिवसांत रुग्ण लवकर घरी जायचा हट्ट धरतो. टाके निघण्याआधी शेतात उतरलेल्या टाचेवर पुन्हा जखम होते.

खर्चाच्या बाबतीत शासकीय पातळीवर २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन अंगीकृत रुग्णालयात गेले तर बऱ्याच पुनर्रचना शस्त्रक्रियांचा खर्च तिथे भागतो. १०८ ची गाडी बोलावली तर पहिल्या काही तासांतले हाल कमी होतात. योजना बिल भरते, पण पेशंटसोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी भरत नाही, आणि ती भीतीच अनेकदा निर्णय लांबवते.

पाय वाचवण्याचा हट्ट सर्वत्र योग्य नसतो. टाचेचे हाड सडलेले, रक्त न पोचणारे, सारखे पू येणारे पाऊल महिनोन्महिने ठेवण्यापेक्षा गुडघ्याखाली कापणे कधी शहाणपणाचे ठरते. १८४२ मध्ये एडिनबर्गच्या जेम्स साइम याने टाचेची गादी शाबूत असताना घोट्यातून पाय कापून तीच गादी खाली ठेवण्याची रीत सांगितली, ती आजही काही रुग्णांना लागू पडते. १९६८ मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी बनवलेल्या पायाने शेतातल्या मातीत आणि ओल्या पाऊलवाटेवर चालता येते, उकिडवे बसताही येते. टाच वाचवायची की पाय कापायचा हा प्रश्न डॉक्टरांनी मोकळेपणाने घरच्यांपुढे ठेवायला हवा.

वाचलेल्या टाचेची देखभाल आयुष्यभराची असते. बधिर फ्लॅपवर जळालेले, टोचलेले कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी आरशात किंवा दुसऱ्याच्या डोळ्यांनी टाच पाहायची. मऊ रबरी तळव्याच्या एमसीआर चपला कुष्ठरुग्णांसाठी घडल्या, त्या इथेही कामाला येतात. जाड फ्लॅप सहा महिन्यांनी पातळ करून घेता येतो. आणि वर्षानुवर्षे न भरणारा, कडा उंचावलेला किंवा रक्ताळणारा जुना व्रण असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो, कारण अशा जागी मार्जोलिनचा व्रण नावाचा कर्करोग होतो आणि तो लवकर कळला तर काढून टाकता येतो.